चार दारं आणि एक मुराळी

गाडीचं दार आतून खोलून पुन्हा बसवलं की एखाद-दोन स्क्रू उरतातच. ते कुठले हे कळत नाही, दार तर नीट लागतं. पण टाकवतही नाहीत, म्हणून डबीत पडून राहतात. किस्स्यांचं तसंच आहे. काम संपतं आणि कामात न बसलेलं काहीतरी हातात उरतं. मला रोज चार ओळी लिहायची सवय, त्यामुळे माझी डबी जरा मोठी. परवा ओटीवर मंडळी जमली होती. कुणीतरी म्हणालं, "वसंता, त्या दत्तूच्या दारांचं काय ते सांग ना." सांगायला बसलो तर चहा दोनदा झाला तरी संपेना. म्हणून इथं सलग मांडतो.

दत्तू माझा शेजारी आणि लहानपणापासूनचा मित्र. सापगावात आमची अंगणं एकमेकांना लागून आहेत, मधे एक शेवग्याचं झाड, तेवढीच सरहद्द. मी गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप बघतो. दत्तू भातशेती करतो आणि उरलेल्या वेळात त्याच्या जुन्या राखाडी गाडीवर जीव लावतो. गाडीचं इंजिन ठणठणीत आहे. पण चारही दारांना आतून लावलेलं कापड सुटलं होतं. म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याखालची पोळी लोंबावी तसं ते लोंबायचं. दत्तूला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते त्याच्या मुलाला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

* * *

गणपतीला दत्तूचा मुलगा महेश ठाण्याहून घरी आला, बरोबर ऑफिसातला एक मित्र. दत्तूने दोघांना आसनगाव स्टेशनवरून गाडीतून आणलं. मित्र खाली उतरला तर त्याच्या काळ्या पँटवर, शर्टाच्या बाहीवर, अगदी भुवयांवरसुद्धा पिवळा भुगा. दाराच्या कापडामागचा फोम जुना होऊन झडत होता. खड्डा आला की मूठभर खाली.

मित्र भला माणूस. त्याने अंग झटकलं आणि सहज विचारलं, "काका, गाडीत पोहे सांडलेत का?"

पारूवहिनी, म्हणजे दत्तूची बायको, उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोहे नाय रे बाबा, शिरा केलाय. आत ये, गरम हाय."

हसून झालं, पण महेश हसला नाही. मित्र परत गेल्यावर तो बापासमोर उभा राहिला. "बाबा, ही गाडी भंगारात घाला. मी परत हिच्यात बसणार नाय."

दत्तू नारळ सोलत होता. त्याने मान वर केली नाही. "नको बसू. देवानं पाय दिलेत."

* * *

आता हे बापलेकाचं भांडण एवढ्यावरच राहिलं असतं. पण मधे कविता आली.

कविता ही दत्तूची मुलगी. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, वैशाखऱ्याला दिली. वैशाखरे म्हणजे मुरबाडच्याही पुढे, माळशेज घाटाच्या रस्त्यावर. आता तिची पहिली दिवाळी येणार होती. पहिल्या दिवाळीला लेकीला माहेरी न्यायला जो जातो तो मुराळी, आणि घरात भाऊ असला की तो मान भावाचा. भाऊ आला नाही तर सासरच्या गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळतो.

महेशने फोन स्पीकरवर टाकून बहिणीला सांगितलं, "मी येतो ना. कॅब बुक करतो, एसी. टाइमावर दारात उभी राहील."

"कॅब कुणाची?"

"कुणाची म्हणजे? कंपनीची."

"मग कंपनीलाच मुराळी म्हणून पाठव," कविता म्हणाली. "दादा, त्या गाडीत तू लहानपणी वकलायस, मी वकलेय. तेव्हा लाज नाय वाटली ती आता वाटते काय? यायचं तर बाबांच्या गाडीतनं ये. नायतर मी हितंच फराळ करीन, आन कुणी विचारलं तर सांगीन, माझ्या भावाला आपल्याच बापाची गाडी लागते."

फोन बंद झाला. पारूवहिनींनी पदराने तोंड पुसलं. लेकीची पहिली दिवाळी सासरी जायची वेळ आली होती. कारण काय, तर गाडीची दारं. मुलगी बापाची, मुलगाही बापाचा, दोघंही मागे हटणारे नव्हेत.

दत्तू उठून गाडीपाशी गेला. लोंबणारं कापड त्याने दोन बोटांत धरलं. मला म्हणाला, "वसंता, दिवाळीच्या आत ही दारं नवरीसारखी सजवायची. बघतो महेश कसा बसत नाय तो."

* * *

आधी आम्ही कल्याणच्या रस्त्यावर एका दुकानात गेलो. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर सीटकव्हरं टांगलेली. काउंटरवरच्या पोराने बाहेर येऊन गाडीत डोकावून बघितलं आणि लगेच डोकं बाहेर काढलं.

"अंकल, इसका माल अब आता नहीं. दारच बदलून टाका."

"दार चांगलं हाय. कापड फाटलंय."

"कपडा कोई नहीं बदलता, अंकल. दार बदलो, नहीं तो गाडी बदलो."

दत्तूने त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "तुझा शर्ट उसवला की तुझी आई पोरगा बदलते काय?"

पोराला मराठी चांगली कळत असावी, कारण त्याने आधी स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. परतीच्या वाटेवर ठरलं, घरीच करायचं. येत नव्हतं आम्हाला काहीच. पण येत नाही म्हणून थांबलो असतो तर आमच्या पिढीची लग्नंसुद्धा झाली नसती, असं दत्तूचं म्हणणं.

* * *

दार आतून खोलायचं काम मी माझ्याकडे घेतलं, कारण मला धीर आहे. काच खालीवर करायचं हँडल, हात टेकायचा दांडा, आतली कडी, मग कडेच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. एकेक सुटी करायची, कुठली कुठली ते लक्षात ठेवायचं. मी एक युक्ती केली. दत्तूच्या ओटीवर खडूने दाराचं मोठं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथला, तो चित्रात तिथेच ठेवला. संध्याकाळी उभा राहून बघितलं तर आकाशातल्या नक्षत्रांसारखं दिसत होतं. समाधानाने घरी गेलो.

सकाळी आलो तर ओटी शेणाने सारवलेली. ओली, हिरवीगार, बोटांच्या सुंदर अर्धगोलांची नक्षी. चित्र गायब.

"वहिनी, इथं माझे स्क्रू होते."

"आवो, ते होय?" पारूवहिनींनी आतून वाटी आणून माझ्या हातात दिली. "तुमचं वाळवण मी उचलून ठेवलंय, भाऊजी. नवरात्राच्या आधी ओटी सारवायची, आन तुमी तिथंच पसारा मांडलाय."

त्या वाटीतून दाराचा एकेक स्क्रू परत ओळखून काढायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यांची मागची पडवीही सारवून झाली.

* * *

मागच्या डाव्या दाराचा पत्रा उघडा पडला तेव्हा आत मातीचं घर दिसलं. कुंभारीण माशी असते ना, ती ओल्या मातीचं गाडग्यासारखं घर बांधते, तसं. दाराच्या पोकळीत, काचेच्या पट्टीशेजारी, अगदी टुमदार.

मी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, तर पारूवहिनींनी माझा हात धरला. "हात लावायचा नाय. घरात कुंभारणीनं घर केलं की पाळणा हलतो. माझ्या आईच्या येळेपासनं चालत आलंय."

"वहिनी, ती उडून गेलीय. घर रिकामं आहे."

त्या ऐकायच्या कुठल्या. तिथूनच कवितेला फोन लावला. आवाज एकदम हळू केला, आम्ही दोघं वीतभर अंतरावर उभे असताना. "काय गो, तुझी तब्येत बरी हाय ना? काय इशेष? नाय, हितं कुंभारणीनं घर केलंय म्हणून इचारते."

"कुठं केलंय?"

"आपल्या गाडीच्या दारात."

मग कविता म्हणाली, "आई, घर गाडीच्या दारात हाय ना? मग गाडीला इचार."

दत्तू अंगणात जाऊन हसला. घर मात्र फोडलं नाही. ते अजून आत आहे. दार जोरात लावलं तर थोडी माती आत पडल्याचा आवाज येतो, तेवढंच.

* * *

कापडामागे हार्डबोर्डची पाटी असते. आमच्याकडच्या पावसाने ती फुगून पापडासारखी वाकडी झाली होती. नवी कापून घेता आली असती, पण दत्तूला एकदा जुनंच वापरायचं म्हटलं की नवं दिसत नाही. त्याने चारही पाट्या घराच्या मागच्या खोलीत एकावर एक रचल्या आणि वर भाताची पोती ठेवली. वजनाने सरळ होतील म्हणून.

युक्ती बरोबर होती. पण ती घरची खायची पोती होती.

दुपारी पारूवहिनी सूप घेऊन खोलीत गेल्या, तर दत्तू दारात आडवा. "पोत्यातनं काडायचं नाय. वजन कमी झालं तर पाटी परत वाकंल."

"मग जेवायचं काय?"

"भाकरी खाऊ."

पारूवहिनींनी सूप भिंतीला टेकवलं. "तुमी खाणार भाकरी? भाताशिवाय जेवलाय का कधी जन्मात?"

"लेकीसाठी खाईन."

त्यांनी नाचणीच्या भाकऱ्या थापल्या. सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी. तिसऱ्या दिवशी दत्तू माझ्या अंगणात येऊन बसला. माझ्या घरी भात शिजत होता, त्याचा वास येत होता. बराच वेळ तो हवापाण्यावर बोलला. शेवटी माझ्या बायकोने न विचारता ताट पुढे केलं. तो जेवत असताना शेवग्याच्या पलीकडून पारूवहिनींचा आवाज आला, "खावा, खावा. हितं पाट्या सरळ होतात, आन मालक वाकडे."

पाट्या मात्र खरंच सरळ झाल्या. अशा सपाट, की त्यांच्यावर पोळ्या लाटता आल्या असत्या.

* * *

कापड घ्यायला आम्ही तिघं मुरबाडच्या बाजारात गेलो. माप चुकायला नको म्हणून दत्तूने एक पाटी बरोबर घेतली होती, काखोटीला मारून. रस्त्यात दोघांनी विचारलं, "दार विकायला आणलंय काय?" दत्तू म्हणाला, "नाय, दवाखान्यात दाखवायला."

कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या शेठने नेहमीसारखं विचारलं, "कुणासाठी दाखवू? रंग कसा आहे, सावळा की उजळ?"

दत्तूने पाटी उभी केली. शेठ कसलेला दुकानदार. त्याने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. एक ठाण उलगडलं आणि पाटीच्या खांद्यावर पदरासारखं टाकून बघितलं. "हे शोभतंय हिला."

दत्तूने गडद चॉकलेटी कापड धरलं. "हाच घेऊ. मळखाऊ हाय."

पारूवहिनींनी ते बाजूला सारलं आणि पांढऱ्याकडे झुकणारं बदामी उचललं. "हा."

"मळंल ना गो."

"मळू दे. मळखाऊ रंग मी जन्मभर नेसले. शेतात मळखाऊ, चुलीशी मळखाऊ, लग्नाला गेले तरी मळखाऊ. आता माझ्या गाडीची दारं तरी उजळ असतील."

गाडी 'माझी' कधी झाली हे दत्तूने विचारलं नाही. शेठने कात्री उचलली होती.

* * *

चिकटवायला सोल्युशन लागतं. पहिला डबा उघडला तर वासाने माझ्या बायकोला चक्कर आली आणि दत्तूची गाय दोर तोडून शेवग्याच्या पलीकडे गेली. दत्तूने डबा बंद केला. "आपल्या रानात एवढा डिंक असताना हे विष कशाला?"

उंबरमाळीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची सोमीबाई बाजारच्या दिवशी शहापूरला डिंक, मध, आवळे घेऊन बसते. दत्तूने तिच्याकडून धावड्याचा डिंक आणला, गरम पाण्यात भिजवला, खळ केली आणि पहिली पाटी चिकटवली. काय सुंदर चिकटली होती. एक सुरकुती नाही. दत्तू कौतुकाने म्हणाला, "लिही रे तुझ्या रोजच्या चार ओळींत. कल्याणवाल्याला दाखव."

सकाळी पाटी काळी होती आणि हलत होती. लाखभर मुंग्या तरी असतील. अंगणापासून ओटीपर्यंत दोन रांगा, एक येणारी आणि एक जाणारी, आणि कापडाखाली त्यांचं जेवण चाललेलं.

पुढच्या बाजारात दत्तू तक्रार घेऊन सोमीबाईकडे गेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि टोपलीतला आवळा त्याच्या हातावर ठेवला. "बालंतिनीच्या लाडवातला डिंक तू दारास लावलास, दादा. आमाला खायास भेटत नाय, आन तू दारास चारतोस. मुंग्या येतील नाय तं काय पावनं येतील?"

मग सोल्युशनचाच डबा पुन्हा उघडला. या वेळी गाय आधी नदीकडे सोडली.

* * *

दसऱ्याला पहिलं दार तयार झालं. फोमची नवी पट्टी, वर बदामी कापड, कडा मागे दुमडून पिना मारलेल्या, हँडलचं भोक नेमकं. मी त्या दारावर हात फिरवला आणि खरं सांगतो, पंपाची नवी मोटर बसली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

दसऱ्याला आपल्याकडे गाडीची पूजा असते. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पारूवहिनी ताट घेऊन आल्या, बॉनेट झालं, स्टेअरिंग झालं. मग त्यांना वाटलं, यंदा खरी मेहनत तर दाराने घेतलीय. त्यांनी हळदीत पंजा बुडवला आणि नव्या कापडावर आतून थाप मारली.

दत्तू नुसता बघत राहिला. पाचही बोटं पिवळीधमक.

"पुसते की," असं म्हणून त्या गेल्या आणि कपडे धुवायचा साबण घेऊन आल्या. आता हळदीला साबण लागला की काय होतं हे घरोघर ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं, पण घाईत कुणाला आठवतंय. पिवळा पंजा बघता बघता लाल झाला. घासला तसा आणखी लाल. वाळल्यावर विटकरी होऊन कायमचा बसला.

येणारेजाणारे सल्ला देऊ लागले. उन्हात ठेवा. ताक लावा. कापड उलटं करा. पारूवहिनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांचं ऐकत होत्या. मग आत गेल्या आणि हळदीची वाटीच घेऊन आल्या.

"बाकीची तीन दारं झाली की सांगा. त्यांना पण लावते."

"अगो, का?"

"चार सवाष्णी घरात आल्या तर एकीलाच हळदकुंकू लावतात काय?"

आणि लावलं. उरलेली तीन दारं जशी तयार झाली तशी प्रत्येकावर हळदीचा पंजा, वर साबण. पहिल्या दारावर त्यांचा होताच, मग एकावर दत्तूचा, एकावर माझ्या बायकोचा. चौथ्यावर माझा आहे. नको म्हणत होतो, पण वहिनींनी मनगट धरून दाबला. त्यामुळे अंगठा जरा फाकलाय.

* * *

महेशने व्हिडिओ कॉलवर दारं बघितली. दत्तू फोन धरून गाडीभोवती फिरत होता आणि मधे मधे स्वतःचं नाक दाखवत होता.

"कापड चांगलं बसलंय," महेश म्हणाला. मग फोन जवळ गेला असावा. "बाबा, हे लाल काय? हाताचे पंजे?"

"व्हय."

"आतून?"

"बाहेरून लावले तर पावसात जातील ना."

"बाबा, लोक काय म्हणतील? गाडीत काय झालं होतं असं विचारतील. मी नाय बसणार. कॅबच करतो."

दत्तूने फोन माझ्याकडे फिरवला. "वसंता, ह्याला सांग. पोहे नको म्हणाला, पोहे काढले. आता कुंकू नको म्हणतोय. उद्या म्हणंल, दारात बाप नको."

महेश काही बोलायच्या आत रेंज गेली. निदान दत्तू तरी तसं म्हणाला. मी बघितलं, त्याने अंगठ्याने लाल बटण दाबलं होतं.

* * *

आता शेवटचा किस्सा.

वसुबारसेला महेश घरी आला, रिक्षाने. अंगणात गाडी धुऊन उभी होती, चारही दारं उघडी. शेजारपाजारचे बघायला येऊन गेले होते. त्याने पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नाही. सरळ म्हणाला, "बाबा, एक तर मी कॅबनं वैशाखऱ्याला जातो, नायतर परत ठाण्याला जातो. तुमी सांगा."

आम्हाला वाटलं, आता मोठा आवाज होणार. पारूवहिनी फराळाचे डबे भरत होत्या, त्यांचे हात थांबले. पण दत्तू अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बरं. जा परत."

महेशच गोंधळला. "जातो."

"भातकापणी चालू हाय, रिक्षा मिळायची नाय आता. स्टेशनापर्यंत सोडू?"

महेशने रस्त्याकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. "स्टेशनापर्यंतच," तो म्हणाला.

"वसंता, तू पुढं बस," दत्तू म्हणाला. मग त्याने मुलासाठी मागचं दार धरलं. महेश बुटाची नाडी बांधत होता. तेवढ्यात दत्तू वाकला आणि दाराच्या कडेला असतो तो बारीक खटका अंगठ्याने खाली केला. लहान मुलांनी चालत्या गाडीत आतून दार उघडू नये म्हणून असतो तो. पलीकडे जाऊन त्या दारालाही तसंच केलं. मी बघितलं. मी बघितलं हे दत्तूनेही बघितलं. मी पुढे जाऊन बसलो. पारूवहिनींनी डिकीत कधी पिशव्या ठेवल्या ते मात्र मलाही कळलं नाही.

फाट्यावर स्टेशनकडे वळायच्या ऐवजी गाडी मुरबाडच्या अंगाला वळली.

"बाबा, स्टेशन मागं राहिलं."

"म्हायतीय."

पुढे रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, गाडी थांबली. महेशने आतली कडी ओढली. मग दुसऱ्या दाराची ओढली. "बाबा, दार उघडत नाय."

"नवीन कापड हाय," दत्तू आरशात न बघता म्हणाला. "बसायला टाइम लागतो."

काच खाली करून बाहेरून हात घातला असता तर दार उघडलं असतं. हे मला सुचलं, म्हणजे त्यालाही सुचलं असणार. त्याने काच खाली केलीही. पण हात बाहेर काढला नाही. नुसता वारा घेत बसला. म्हशी गेल्या, गाडी निघाली.

मुरबाड जवळ आलं तसा मागून आवाज आला, "बाजारात थांबवा जरा. मुराळी रिकाम्या हातानं जातो काय?"

दत्तूने गाडी बाजूला घेतली, पण उतरला नाही. "काय पायजे ते वसंताला सांग. तो आणंल. तू बस."

मी मिठाई आणि नारळ घेऊन आलो. पुढे घाटाचे डोंगर दिसायला लागले आणि वैशाखरे आलं.

कवितेच्या सासरी सगळे अंगणात वाट बघत उभे. सासूच्या हातात पायांवर घालायला पाण्याचा तांब्या, कविता उंबऱ्याच्या आत, मागे गल्लीतली दहा माणसं. दत्तू उतरला, मी उतरलो. महेश आतच. काचेआड ताठ बसलेला, मांडीवर मिठाईचा पुडा.

व्याही कावरेबावरे झाले. जरा थांबून दत्तूच्या कानाशी लागले, "मुराळी उतरत का नाय? आमचं काय चुकलं काय?"

मी दत्तूकडे बघितलं. तो क्षणभरही अडला नाही.

"चुकलं काय नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "आमच्याकडं मुराळ्याचं दार घरच्या यजमानानं उघडायचं असतं. मान हाय त्याचा."

"असं होय. आमाला काय म्हायती." व्याह्यांनी टोपी सारखी केली, पुढे आले आणि दोन्ही हातांनी दार उघडलं. महेश उतरला. सासूने पायांवर पाणी घातलं. व्याही अजून दार धरून आत बघत होते. त्यांना कापडावरचा लाल पंजा दिसला.

"हे बी मानाचंच काय?"

दत्तूच्या आधी महेश बोलला. "व्हय," तो म्हणाला. "आईचा हात हाय."

कविता दिवाळीला घरी आली. गाडी भंगारात घालायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

आता आमच्या खालच्या आळीत एक सून आहे, तिचं माहेर वैशाखरे. संक्रांतीला तिला न्यायला तिचा भाऊ आला, नवी कोरी पांढरी गाडी घेऊन. गाडी अंगणात थांबली. ड्रायव्हर उतरला. घरातली माणसं बाहेर आली, म्हातारी तांब्या घेऊन आली, सून डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. सगळे वाट बघत राहिले. शेवटी मला बोलावणं आलं, "वसंताकाका, जरा चला. ह्याला काय झालंय बघा."

मी गेलो. तो मागच्या सीटवर ताठ बसला होता. काचेतून सगळ्यांकडे बघून हसत होता. उतरत नव्हता.